रकान्यात मावेल तेवढंच

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीला 17 अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. डेटाबेसच्या तक्त्यात 17 अक्षरांचा रकाना ठेवला, की काम भागतं.

आकड्यांचं मात्र जपून करावं लागतं. नेहमीच्या ‘इंटिजर’ प्रकाराला 4 बाइट मिळतात आणि त्यात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 एवढीच संख्या मावते. 98 ने सुरू होणारा 10 अंकी मोबाइल नंबर तिथे बसतच नाही. 2014 मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने हीच मर्यादा गाठली आणि यूट्यूबला मोजणी 8 बाइटांवर न्यावी लागली. सुट्या भागाचा क्रमांक 00452 असेल, तर संख्येच्या रकान्यात त्याचा नुसता 452 होतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो नंबर मजकूर म्हणूनच साठवावा, हे माझं ठाम मत.

आणि मराठी नावं? मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘चाकण’ला 12 बाइट लागतात, ‘पिंपरी’ला 18. ओरॅकल या डेटाबेसमध्ये, वेगळं सांगितलं नाही तर, मजकुराच्या रकान्याची लांबी बाइटांतच धरली जाते. पुरवठादाराच्या गावासाठी 30 ची मर्यादा ठेवली, तर ‘पिंपरी-चिंचवड’ नाकारलं जातं, कारण त्याला 37 बाइट हवेत. म्हणून तक्ता बनवतानाच लांबीपुढे ‘CHAR’ (म्हणजे कॅरॅक्टर) असं स्पष्ट लिहा.