मुमानीच्या तोंडचा आवाज

(धुळ्यातल्या एका युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कमी साधनांत, फिरता फिरता माहितीपट कसा करावा’ हा विषय मला दिला आहे. मी फिल्म शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग केलं आणि दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. राहतो पुण्यात, घर जळगावला. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी घरी आलो की जळगाव, पारोळा, धुळे अशा एसटीच्या फेऱ्यांमध्ये जेवढं होईल तेवढं शूटिंग करतो. म्हणजे कमी साधनं हा माझा शौक नाही, नाइलाज आहे. पण या नाइलाजाचा फायदा काय ते मला कळलंय. ते सांगतो, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

माझे मामू पिंजारी. पिंजण खांद्यावर टाकून त्यांनी पारोळा-एरंडोलची गावं पायी फिरली. गाद्या, रजया भरल्या. यंत्रं आली तरी जुनी गिऱ्हाइकं त्यांनाच बोलवायची. त्यांच्यावर फिल्म करायची म्हणून २०१८ मध्ये मी पुण्यातून भाड्याने मोठा कॅमेरा आणला. ट्रायपॉड, दोन लाइट, मदतीला दोन मित्र. आम्ही पोहोचलो तेव्हा मामूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मुमानीने ओट्यावरचा सगळा कापूस उचलून आत ठेवला होता आणि नवी चादर अंथरली होती! घरात अहिराणी बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर ताठ बसून पुस्तकी मराठी बोलू लागला. दिवसभर शूट केलं. हाती आला तो लग्नाचा व्हिडिओ, फक्त नवरदेव साठीचा.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एकटाच गेलो. खिशात फक्त फोन. मामू काम करत होते. मी शेजारी बसलो, कापसाच्या गाठोड्याला टेकवून फोन उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पाच मिनिटांत ते फोन विसरले. गिऱ्हाइकाशी घासाघीस केली, फोमच्या गाद्यांना शिव्या दिल्या, नातवाला हाक मारून तात कशी ताणायची ते दाखवलं. चाळीस मिनिटं. खरे मामू त्यात होते.

घरी येऊन हेडफोन लावला. आवाजच नव्हता. फोनचा माइक खालच्या कडेला असतो आणि ती कड मी कापसात खुपसली होती. पिंजणाचा तो तुणतुण आवाज, मामूंचं बोलणं, सगळं पाण्याखालून आल्यासारखं. म्हटलं, पुढच्या वेळी नीट घेऊ. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मामू गेले. पिंजण अजून भिंतीला टांगलेलं आहे. ते वाजवणारे हात माझ्याकडे आहेत, आवाज नाही.

म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू कॅमेरा नाही, माइक आहे. तुमच्याकडे असलेला फोन पुरेसा आहे. त्याला एक कॉलर माइक घ्या, वर फोमची टोपी असलेला. तो नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यात व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. एक अडचण आधीच सांगतो. बरेच फोन दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाहीत, कमी-जास्त करतात. त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. एडिटिंगआधी व्हिडिओ स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा टाळी वाजवा. जागा सोडण्यापूर्वी अर्धा मिनिट ऐकून बघा. हे एक काम मी केलं असतं तर आज हे भाषण वेगळं असतं.

आता हिशोब. फुल एचडीमध्ये मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर आठ तास बसतात. फोर-के घेऊ नका. तुमचा माहितीपट मोबाइलवरच बघितला जाणार आहे. घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. फोनच्या प्रो मोडमध्ये किंवा वेगळ्या अॅपमध्ये २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं, तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. फोकस आणि उजेड लॉक करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रडण्याच्या क्षणी बँकेचा फोन येतो. खान्देशातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी शूट करा, मधल्या वेळात फोन सावलीत, पिशवीत ठेवा. पॉवर बँक लागेलच. ट्रायपॉड नसेल तर विटा, डबा, खिडकीची चौकट. फक्त कापसाचं गाठोडं नको.

साधनांची रडगाणी आपल्या भागाने कधी गायलेली नाहीत. इथून तासाभरावर मालेगाव आहे. यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. ट्रॉली नव्हती तर सायकल वापरली, क्रेन नव्हती तर बैलगाडी. फैझा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो देशाबाहेरही पोहोचला. आनंद पटवर्धन १९७४ च्या बिहार आंदोलनात गेले तेव्हा त्यांच्याकडे उसना सुपर-८ कॅमेरा होता. ते चित्रण पडद्यावर दाखवून १६ एमएम कॅमेऱ्याने पुन्हा टिपलं आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाली.

आणि मी तर याच शहरातलं उदाहरण देईन. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ते टिपून घेणारं यंत्र नव्हतं. अमळनेरच्या शाळेत पूर्वी मास्तर असलेले साने गुरुजी त्यांच्यासोबत कैदेत होते. त्यांनी ऐकता ऐकता ती अठरा प्रवचनं लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यामुळे आपल्याकडे आहे. साधन काय? कागद आणि जवळ बसलेला, कान देणारा माणूस. माहितीपट करणाऱ्याचं काम याहून वेगळं नाही.

आता एक अवघड गोष्ट. ६ जानेवारी २०१३ रोजी याच धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. नंतर लोकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रणं बाहेर आली. त्यांत पोलीस तोडफोड करताना दिसत होते, आणि काही पोलिसांना अटकही झाली. मोबाइल असल्याने पुरावा राहिला, हे खरं. पण विचार करा, आपल्या मोहल्ल्याची चित्रं जगाने बघितली ती कधी? काच फुटली तेव्हा. त्याच्या आदल्या दिवशी तिथे कोण काय विकत होतं, कोणाच्या घरी कोणती कारागिरी होती, कोण कोणाकडे उधारीवर सामान घेत होतं, हे कोणी शूट केलं नाही. बाहेरचा कॅमेरा घटना घडल्यावर येतो. घटना नसलेला दिवस फक्त आपणच टिपू शकतो, कारण त्या दिवशी तिथे आपणच असतो.

पण जवळ असण्याची जबाबदारीही आहे. फोन लहान आहे म्हणून लपवून शूट करू नका. आधी विचारा, फिल्म कुठे दाखवणार ते सांगा, आणि कापून तयार झाल्यावर पहिल्यांदा त्या माणसालाच दाखवा. ‘हे काढ’ म्हणाला तर काढा. बाईमाणसाच्या बाबतीत फक्त घरच्या पुरुषाची परवानगी घेऊन भागत नाही. तिला विचारा.

गेल्या ईदला मी तो बिनआवाजाचा व्हिडिओ मुमानीला दाखवला, तिच्या परवानगीने, ओढणीला कॉलर माइक लावून. ती बघत होती आणि मामूंच्या हातांबरोबर तोंडाने पिंजणाचा आवाज काढत होती. कुठे तात सैल झाली, कुठे कापूस ओला निघाला, सगळं सांगत होती. चाळीस वर्षं ती त्याच ओट्यावर बसून कापूस वेचत होती, आणि दोन्ही वेळा मी कॅमेरा फक्त मामूंकडे लावला होता. आता फिल्म तिची आहे. अकरा मिनिटांची. खर्च माइकचा आणि एसटीच्या तिकिटांचा.

आज घरी जाताना एवढंच ठरवा: एक माणूस, एक काम, तीन मिनिटं. पुढच्या वेळी नाही, या रविवारी. आणि निघण्यापूर्वी हेडफोन लावून ऐका.