होळकरांचा संघ, नागपूरचे गडी



१ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला, तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. धान कापल्यावर आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीच्या बांध्यांत स्टंप रोवणाऱ्या पोरांनाही हे पाठ असेल. पण होळकर नावाचा एक क्रिकेट संघच होता आणि त्यात नागपूरचे गडी होते, हे घरातल्या थोरांनाही क्वचितच ठाऊक असतं.

रणजी सामने १९३४-३५ मध्ये सुरू झाले. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. या प्रांताचा संघ पहिल्याच मोसमात उतरला, पण त्याला पोशिंदा नव्हता, आणि नुसत्या क्रिकेटवर त्या काळी चूल पेटत नसे. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू तर १९२३ मध्येच इंदूरला होळकर संस्थानाच्या फौजेत गेले होते. पुढे कर्नल म्हणूनच ओळखले गेले. १९४१-४२ मध्ये होळकर संघ उभा राहिला, तेव्हा कप्तान तेच. धाकटे बंधू सी. एस. नायडू आणि डावखुरे हिरालाल गायकवाड, दोघंही जन्माने नागपूरचे. शिवाय कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, सागरचे चंदू सरवटे, इंदूरचे मुश्ताक अली. फौजेत हुद्दा द्यायचा आणि कामगिरी मैदानावर घ्यायची, हा संस्थानी खाक्या. राजेशाही थाट म्हणून कुणी नाकं मुरडोत, मला तो आजच्या कंत्राटांइतकाच रोखठोक वाटतो.

१४ मोसमांत १० अंतिम सामने, ४ करंडक! १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा, एकाच डावात सहा शतकं. त्यातलं एक पन्नाशी गाठलेल्या सी. कें.चं.

मला मात्र त्याआधीच्या वर्षीची, मुंबईविरुद्धची हार अधिक भावते. सी. एस. यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. ४२८ धावा मोजून ११ बळी! दुसऱ्या डावात होळकरांना हव्या होत्या ८६७ धावा. युद्धामुळे हिंदुस्थानात असलेला इंग्रज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ करून उभाच राहिला, तरी संघ ३७४ धावांनी हरला. शंभरापुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस देईन म्हणणारा शेटजी सामना संपताच तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला गेला, असं कॉम्प्टन सांगत असे.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संघ त्यानंतरही सात वर्षं तगला. १९५५ चा अंतिम सामना घरच्याच इंदुरात मद्रासने ४६ धावांनी जिंकला आणि पुढच्या मोसमात होळकर हे नाव गेलं. भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वर्षीच्या मोसमात सी. के., साठी उलटल्यावर, उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. विदर्भाचा स्वतःचा संघ उतरला तो पुढच्या मोसमात, १९५७-५८ मध्ये.