दारू सोडणाऱ्याला सोडू नका



शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. पाणी मुंबईला गेलं. त्याच साली इंग्रज सरकारनं ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंधाचा कायदा आणला. घरची मोहाची बंद, ठेक्याचा गुत्ता चालू! पाणी मुंबईचं, महसूल सरकारचा, आपल्या वाट्याला गुत्ता. ही लूट विसरू नका. पण नुसत्या लुटीला शिव्या घालून घरातल्या बाईचा मार चुकत नाही.

पाचवं शील आपल्याला तोंडपाठ, आणि मिरवणुकीत बाटली फिरते. पिणाऱ्याला चारचौघांत झोडपून काही होत नाही. हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस दगावतोसुद्धा. आधी डॉक्टर, शपथा मागाहून.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' काढलं. तिथं पिणाऱ्यांच्या बायकांचाही गट झाला, 'सहचरी'. कारण पितो एकटा, आजारी पडतं अख्खं घर.

तेव्हा शहापूरचा असो की मुरबाडचा, जो सोडतोय त्याच्यासोबत पगाराच्या संध्याकाळी घरापर्यंत चाला. आग्रहानं ग्लास पुढं करणारा तो दोस्त नव्हे. घसरला तर हसू नका, पुन्हा दवाखान्यात न्या. त्याची उधारी बायकोनं फेडायची नाही, मार तर अजिबात सोसायचा नाही. तिच्या दारात आधी आपण उभं राहायचं. तो बरा होईल तेव्हा होईल. ती आज एकटी पडता कामा नये.