नोटेची चमक आणि नळाचं पाणी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या प्रांगणात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'काहीतरी माहितीपर बोला' असा निरोप आला. बँकेतल्या माणसाने एफडीच्या व्याजावर बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज पाण्याबद्दल बोलणार आहे. सुरुवात मात्र नोटेपासून करतो, कारण जन्म त्यातच गेला.

कॅश काउंटरवर नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की नंबर चमकतात, कागदातले बारीक तंतू चमकतात, पण कागद स्वतः मंद राहतो. बनावट नोटेचा कागद पुष्कळदा निळसर पांढरा उजळतो. साध्या कागदात शुभ्र दिसण्यासाठी एक द्रव्य घातलेलं असतं, कपडे धुण्याच्या पावडरीत असतं तसंच. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घ्यायचे आणि दिसणारा उजेड परत द्यायचा, या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. शब्द जड आहे, पण काम रोज बघितलेलं.

माझी नात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीत तिने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. काचेच्या कुपीत पातळ चहाच्या रंगाचं पाणी. यूव्ही दिवा लावला आणि ते निळंशार पेटलं. मग तिने लोहाच्या क्षाराचे थेंब सोडले, तशी ती निळाई विझत गेली. मी म्हटलं, "हे काय जादूटोणा?" ती म्हणाली, "आबा, हा कोळसा आहे."

कोळसाच, पण कण दहा नॅनोमीटरपेक्षा लहान. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. 2004 साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातले संशोधक काजळीतून कार्बनच्या नळ्या शुद्ध करत होते, तेव्हा हे चमकणारे कण आगंतुकासारखे हाती लागले. पुढे त्यांना कार्बन डॉट्स नाव पडलं. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्सना मिळालं, ते यांचे चुलतभाऊ. त्यांच्यात बऱ्याचदा कॅडमियमसारखा विषारी धातू असतो. इथे त्याची गरज नाही. आणि कच्चा माल काय? आसामच्या तेजपूर विद्यापीठात 2013 साली केळ्याच्या रसापासून हे कण केले. आता केळी म्हटल्यावर रावेर-यावलच्या माणसाने कान टवकारलेच पाहिजेत! आपल्या शेजारच्या शिरपूरच्या एच. आर. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनीही ग्राफीन क्वांटम डॉट्स या याच घरातल्या कणांवर शोधनिबंध लिहिले आहेत.

कणाच्या अंगावर रासायनिक हात असतात. पाण्यातला लोह, पारा किंवा शिशाचा आयन त्या हातांना धरतो, आणि उजेड म्हणून बाहेर पडणारी ऊर्जा तो धातू मधल्या मध्ये पळवतो. चमक किती कमी झाली, त्यावरून धातू किती हे काढतात. सराफ कसोटीवर सोनं घासून कस बघतो, तसंच.

एवढ्या बारीक मापाची गरज काय? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. मी हिशेब केला. दहा हजार लिटरच्या टाकीत 100 मिलिग्रॅम, म्हणजे एक गुंजही भरत नाही. त्याला ना रंग, ना वास, ना चव. आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास सर्वांत जास्त.

इथे एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एक विक्रेता आपल्याकडे आला होता. त्याने दोन ग्लासांत सळ्या बुडवून वीज सोडली. नळाचं पाणी काळंतपकिरी झालं, त्याच्या मशीनचं तसंच राहिलं. आम्ही घाबरलो. मी स्वतः पहिला चेक फाडला, आणि मी घेतलं म्हणून तुमच्यापैकी अकरा घरांनी घेतलं. नंतर कळलं, ती घाण पाण्यातली नव्हतीच. लोखंडी सळीच विरघळत होती. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, मशीनच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वाहत नाही. त्या 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की तेही तसंच काळवंडतं. मी करून बघितलं. आयुष्यभर नोटा पारखल्या आणि इथे फसलो. तेव्हा सभेत बोललो नाही, आज बोलतोय.

म्हणून नातीला विचारलं, तुझी निळी बाटली आपल्या बोअरवर चालेल का? ती म्हणाली, "लगेच नको." प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात चाचणी चोख येते. आपलं बोअरचं पाणी काळ्या खडकातलं, जड. त्यातले इतर क्षार, गढूळपणा, आम्लता यांनीही चमक कमीजास्त होते. शिवाय विझणारा कण लोहामुळे विझला की पाऱ्यामुळे, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. शेवटचा निकाल अजून मोठ्या यंत्रावरच. मला तिचं हे उत्तर फार आवडलं. विक्रेत्याने असं कधी सांगितलं नसतं.

टीडीएस मीटरचंही तेच. तो एकूण क्षार सांगतो, शिसं सांगत नाही. पीव्हीसी पाईपमधल्या शिशावर निर्बंध आणणारे नियम 2021 साली निघाले. आपले पाईप पंचवीस वर्षांपूर्वीचे. याचा अर्थ पाण्यात शिसं आहेच असा नाही. पण आपण ते कधी बघितलेलं नाही. वाघूरचं पाणी घरात येईपर्यंत आपल्या टाकीतून आणि आपल्याच पाईपातून येतं.

तर कमिटीपुढे माझी सूचना अशी. तीन नमुने द्यायचे: बोअर, वरची टाकी आणि सर्वांत लांबच्या विंगमधला स्वयंपाकघरातला नळ. फॉर्मवर 'शिसं आणि जड धातू' असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर नेहमीचा जडपणा आणि जंतू एवढंच तपासून मिळेल. नळाचा नमुना पहाटे, रात्रभर पाणी पाईपात थांबल्यावर, पहिल्या धारेचा. तपासणीची फी मी भरतो. त्या अकरा घरांचं तेवढं देणं लागतो. बाटल्या प्रयोगशाळेतून आणून ठेवल्या आहेत. रविवारी साडेपाचला मी येईन, तोपर्यंत शेवटच्या विंगमधल्या वहिनींनी कृपया चहाला पाणी सोडू नये.