घरांतील संगणक आणि कपाटाचें कुलूप

गिरगांवांतील चाळींत दिवसा दार लावून बसणें हें तुसडेपणाचें लक्षण समजलें जाई. वाटीभर साखर येई-जाई, आणि गॅलरींतून जाणाराला आंतलें सारें बिऱ्हाड दिसे. तरीही भाडेपावत्या व दागिने ज्या कपाटांत असत, त्याची किल्ली गृहिणीच्या कमरेलाच असे. उघडें दार आणि बंद कपाट यांत कोणालाही विसंगति वाटत नव्हती. संगणकाच्या बाबतींत मात्र हा भेद सुशिक्षित घरेंही विसरतात.

दादर-परळच्या बिऱ्हाडांत आज एका राउटरला दोन-तीन संगणक, टीव्ही, घरच्यांचे आणि पाहुण्यांचे फोन जोडलेले असतात. एकाची डिस्क इतरांना वापरतां यावी म्हणून ती ‘शेअर’ केली जाते. वायफायला पासवर्ड आहे, एवढ्यावर घरधनी निश्चिंत होतो. पण तो दाराचा पासवर्ड, कपाटाचा नव्हे.

दाराचें महत्त्व मुंबईला २००८ सालीं कळलें. अहमदाबादच्या बाँबस्फोटांसंबंधींचा ई-मेल सानपाड्यांतील एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पुढें माटुंग्याचें एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या जोडणीचाही तसाच उपयोग झाला. जानेवारी २००९ मध्यें पोलिसांनीं उघडीं वायफाय शोधण्याची मोहीम काढली. तेव्हांपासून लोक दार लावूं लागले.

कपाटाची हकीकत याहून जुनी आहे. या शतकाच्या आरंभीं कित्येक इमारतींत केबलवाल्याच्या एकाच तारेवर सारीं घरें जोडलेलीं असत, आणि दुसऱ्या मजल्यावरचा खुला फोल्डर चौथ्या मजल्यावरच्या मुलाला सहज दिसे. विंडोज ९५ व ९८ मध्यें अशा फोल्डरला पासवर्ड देतां येई खरा. परंतु ऑक्टोबर २००० मध्यें उघडकीस आलें कीं, त्याचें पहिलें अक्षर जुळलें तरी पुरे, कारण किती अक्षरें तपासायचीं हें आंत येणाराच सांगत असे! २००१ च्या विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तींत तर तारेवरून येणारा प्रत्येकजण ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा, ठरे.

घरच्या घरांत कुलूप कशाला, असें वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो प्रश्न गैर नाहीं. भावापुढें पासवर्ड धरणें मन दुखविणारें वाटतें. परंतु येथें अविश्वास माणसाचा नसून त्याच्या यंत्राचा असतो. सुटींत आलेला भाचा अत्यंत सज्जन असेल; त्याच्या लॅपटॉपांत काय दडून आलें आहे, हें त्यालाही ठाऊक नसतें. खंडणीखोर प्रोग्रामला ज्या फोल्डरांत लिहिण्याची मुभा मिळेल, त्यांतील फायली तो निरुपयोगी करतो, मग तो फोल्डर दुसऱ्या खोलींतील संगणकावर का असेना. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हा विंडोजच्या फायली वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेंतील दोषावरूनच पसरला. त्याची दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’नें न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प केलें. तो तर एका यंत्रांत सांपडलेल्या पासवर्डांनींच पुढचीं यंत्रें उघडीत जाई.

विंडोजमधील ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू ठेवलें, म्हणजे त्या संगणकावर ज्याचें खातें आहे त्यालाच फोल्डर उघडतो. येथें पुष्कळ जण अडखळतात. रोजचा चार आंकडी पिन तारेवर चालत नाहीं, खात्याचा पासवर्डच लागतो. परवानग्यांच्या यादींतून ‘एव्हरीवन’ काढून नांवें घालावीं, आणि बहुतेकांना केवळ पाहण्याची मुभा द्यावी. राउटरलाच डिस्क जोडली असेल, तर तिचें कुलूप राउटरच्या पानावर निराळें असतें. आणि सर्व फायलींची एक प्रत अशा डिस्कवर असावी कीं, जी काम होतांच यंत्रापासून सोडविली जाते. न जोडलेल्या डिस्कपर्यंत कोणताही प्रोग्राम पोंचत नाहीं. पासवर्ड मात्र घरांतील दोघां मोठ्या माणसांना ठाऊक असावा. नाहीं तर जाणता मुलगा परदेशीं गेला म्हणजे भाडेपावत्या आणि सोसायटीचे कागद घरच्यांनाच दिसेनासे होतात.