घरी शिवलेला झुला: कापड आणि पट्टे
कामोठ्याहून प्रबळमाचीला मुक्कामी जाताना घरी शिवलेला झुलाही सोबत नेता येतो. कापड रिपस्टॉप नायलॉनचं घ्या: चौरस मीटरला साधारण 50 ते 65 ग्रॅम भरणारं, 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद. सुती कापड भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही. टांगायला मात्र नायलॉन नको. ओलं झाल्यावर ते ताणलं जातं आणि झुला खाली येतो. त्यासाठी पॉलिएस्टरचा अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा वापरा. झाडाची सालही कापली जात नाही. पट्टा आडव्या रेषेपासून 30 अंशांवर उतरता ठेवा. मग प्रत्येक बाजूला साधारण तुमच्या वजनाइतका ताण येतो. 10 अंशांवर तो जवळपास तिप्पट होतो. आधी हळूच बसून भार द्या, मगच आडवे व्हा.