विलायतेतली सुगी



वसंताच्या व्यासपीठावरून पानगळीबद्दल बोलणे म्हणजे लग्नघरात तेराव्याची गोष्ट काढणे, असे एका स्नेह्यांनी आम्हाला बजावले होते. पण आमचा नाइलाज आहे. आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते बीडच्या ऊसतोड मजुरांबरोबर, फडात आणि साखर कारखान्यांच्या फाटकाबाहेर. पाहिले तेवढेच आम्हाला सांगता येते, आणि गेली दोन वर्षे आम्ही पाहिली ती इंग्लंडातल्या हिअरफर्डशर परगण्यातली सुगी.

आमच्या सौभाग्यवती परिचारिका. तिकडच्या सरकारी इस्पितळात त्यांना नोकरी लागली आणि त्यांच्या व्हिसावर आम्ही गेलो. तीस वर्षे आमची चळवळ त्यांच्या पगारावर चालली. परदेशही त्यांच्याच पगारावर पाहिला! शहरातले भाडे परवडेना म्हणून खेड्यात राहिलो, आणि रिकामे बसवेना म्हणून सप्टेंबरात सफरचंदांच्या बागेत तोडणीला लागलो.

आपल्याकडे पाने शिशिरात गळतात, तिकडे ऑक्टोबरातच. ती तांबडी-पिवळी पाने आपण कॅलेंडरवर पाहतो. बागेतल्या माणसाला ती दिसतात दुपारनंतर. सकाळी दिसते ते धुके, आणि जाणवते ते गुडघ्यापर्यंत भिजवणारे गवत. छातीवर झोळी अडकवायची. फळ ओढायचे नाही, तळव्यात धरून वर उचलून किंचित फिरवायचे, म्हणजे देठासकट हातात येते. अंगठा दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे डाग. झोळी तळातून सोडून फळे हलकेच पेटाऱ्यात उतरवायची. एका पेटाऱ्यात सुमारे तीनशे किलो माल मावतो. कोयत्याला सरावलेला हात असा मऊ करायला आम्हाला पंधरा दिवस लागले. सायडर नावाची दारू गाळतात त्या सफरचंदांना एवढे लाड नसतात. ती यंत्राने झाड हलवून पाडतात आणि जमिनीवरून गोळा करतात.

घरी ब्रॅम्ली नावाचे आंबट सफरचंद येई. सौभाग्यवतींनी ते कैरीऐवजी आमटीत घातले आणि त्याचे तिखट लोणचेही केले. शेजारच्या आजीबाईंनी बरणी मागून नेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात. मग पाच वाजताच अंधार, आणि बाग बंद.

बागेच्या कडेला चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत हंगामी मजूर राहत. किरगिझस्तान, उझबेकिस्तान, नेपाळ अशा ठिकाणचे. व्हिसा सहा महिन्यांचा. पूर्वी हे काम देशातलेच गरीब करीत. केंट परगण्यात दारूला लागणारी हॉपची फुले खुडायला लंडनच्या पूर्व भागातली कुटुंबे दर सप्टेंबरात पोराबाळांसकट जात आणि झोपड्यांत राहत. १९५० नंतर यंत्रे आली आणि तो लोंढा आटला. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या कोप्याच उभ्या राहिल्या.

मुकादमही तिकडे आहेच! त्याला गँगमास्टर म्हणतात. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम्ब उपसागरात शिंपले वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर भरतीत बुडून मेले, आणि त्याच वर्षी मुकादमाला परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे मुकादमाच्या हातात उचल असते; तिकडे पोरे विमानभाड्याचे आणि व्हिसाचे कर्ज डोक्यावर घेऊन येतात.

गेल्या वर्षी, २०२५ साली, दसऱ्याच्या सकाळी बीडहून जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. ‘‘दादा, टोळ्या निघायला लागल्या.’’ आम्ही शिडीवर होतो. त्याच दिवशी दुपारी देखरेखवाल्याने एका किरगिझ पोराचे दोन पेटारे डागी म्हणून हिशेबातून काढले. फळे आम्ही पाहिली होती. डाग चार-सहा फळांना. काटामारीविरुद्ध उभे आयुष्य ओरडलेलो आम्ही, खाली मान घालून पुढच्या झाडाकडे गेलो. व्हिसा पत्नीचा, तिच्या नोकरीला काही झाले तर, असा विचार मनात आला. तो खरा होता की निमित्त, ते अजून आम्हाला ठरवता आलेले नाही.

त्या रात्री जेवण गेले नाही. सौभाग्यवतींनी विचारले आणि आम्ही सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘अहो, टॉलपडलची गोष्ट तुम्ही पोरांना किती वेळा सांगितलीत?’’ डॉर्सेट परगण्यातल्या या खेड्यात आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली, तेव्हा शेतमजुरांनी संघ काढला. शपथ घेतल्याच्या गुन्ह्यावरून १८३४ साली त्यांतल्या सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडले. लोकांनी एवढा गदारोळ केला की १८३६ मध्ये माफी द्यावी लागली. ही गोष्ट अभ्यासवर्गात सांगताना आमचा आवाज चढत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही घेतली. भाषण नाही, घोषणा नाही. तास किती, पेटारे किती, कापले किती. इंग्लंडातले शेतमजुरांचे वेतन मंडळ २०१३ साली बंद झाले, पण किमान वेतनाचा कायदा आहे. मजुरी पेटाऱ्यावर असली तरी तासांच्या हिशेबाने ती किमान दरापेक्षा कमी भरता कामा नये. प्रौढाला तो दर त्या वर्षी एप्रिलपासून १२ पौंड २१ पेन्स होता. तीन आठवड्यांनी अकरा जण वही घेऊन कचेरीत गेले. बोलायला आम्ही होतो, आणि आमचे इंग्रजी कसे ते आपण ताडालच. पण आकडे बोलले. फरक पुढच्या पगारात मिळाला, सर्वांना नव्हे, आठ जणांना.

तो पोरगा नोव्हेंबरात परत गेला. जाताना सफरचंदाची एक पिवळी फांदी मोडून देऊ लागला. दसऱ्याच्या सोन्याची हकीकत आम्ही त्याला सांगितली होती. तो म्हणाला, पैसे मिळाले, पण पुढच्या वर्षीच्या यादीत नाव येईल का? ते बागवाल्याच्या शिफारशीवर असते.

काल त्याचा निरोप आला. यादी लागली आहे. त्या अकरांपैकी सात नावे आहेत, त्याचे नाही. आम्ही जूनमध्ये परत जात आहो. वही आमच्या पेटीत आहे. तिची अर्धी पाने कोरी आहेत.